डिंक, चीक आणि राळ : झाडांची घरची औषधं



थंडी पडली की आपल्याकडे डिंकाचे लाडू होतात. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, आईचा नाहीतर सासूबाईंचा फोन येतोच, "डिंक आणलास का? नीट बघून घे हो, हल्ली भेसळ फार असते." मग तुपात एकेक खडा पडतो, टप्प करून फुलतो आणि घरभर वास सुटतो.

पण हा डिंक मुळात असतो कशासाठी? बाभळीने किंवा धावड्याने तो आपल्या लाडवांसाठी तर केलेला नसणार. झाडाच्या सालीला जखम झाली की तिथून डिंक पाझरतो, वाळतो आणि जखमेचं तोंड बंद करतो. म्हणजे ज्याला आपण पौष्टिक खाऊ म्हणतो ती झाडाची मलमपट्टी आहे. जरा आठवून बघा, अशी कितीतरी मलमं आपल्या घरात सापडतील. फणस कापताना हाताला तेल लावायला लावणारा चीक, होमात टाकायची राळ, पानाला लावायचा कात, अत्तराच्या दुकानातला ऊद. हे सगळं झाडांनी स्वतःच्या रक्षणासाठी बनवलेलं आहे.

आज हा विषय काढण्याचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीतला आंबा.

दोन वर्षांपूर्वी पार्किंगवर येते म्हणून त्याची एक जाड फांदी आम्ही कापून घेतली. ज्याला काम दिलं होतं त्याने ती अगदी खोडालगत, सपाट, 'साफसूफ' कापली आणि वरून सिमेंट लिंपून डांबर फासलं. आम्हा सगळ्यांना तेव्हा ते फार नीटनेटकं वाटलं. गेल्या वर्षी त्याच जागेच्या खाली बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसू लागला. सालीवर भोकं, त्यातून चिकट काळपट पाणी. माळीदादांनी खोडावर टकटक केलं आणि निकाल दिला, "अंदर से खोखला हो गया है." मग सभा. "वादळात गाडीवर पडलं तर?" असा प्रश्न आला आणि त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. झाड तोडायचं, असं जवळजवळ ठरलंच. तळमजल्यावरच्या आजी एवढंच म्हणाल्या, "अरे, माणूस आजारी पडला तर आधी डॉक्टरला दाखवतो ना आपण?"

त्यानंतर मी या विषयाचं जे काही वाचलं, विचारलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते. आंब्याचं काय झालं तेही शेवटी सांगते.

पहिला बंदोबस्त : साल

झाडाला पळता येत नाही. हात झटकून किडा उडवता येत नाही. आपल्यासारख्या पांढऱ्या पेशीही त्याच्याकडे नाहीत, की ज्या रक्तातून धावत जाऊन जंतूला गाठतील. जे काही करायचं ते जागच्या जागी उभं राहून.

म्हणून त्याचा पहिला भरवसा सालीवर. सालीचा बाहेरचा भाग मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या भिंतींत मेणासारखा एक पदार्थ भरलेला असतो. बाटलीचं बूच ज्यापासून करतात तेच हे कॉर्क. त्यातून पाणी सहज जात नाही आणि बुरशीलाही ते सहजी पचत नाही.

त्याच्या आत रसायनांचा पहारा. बाभळीची साल कातडी कमावायला वापरतात हे तुम्हाला ठाऊक असेल. कारण तिच्यात टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांना घट्ट करून टाकतं. कातडं त्यामुळे टिकतं. पण तीच साल एखाद्या अळीने खाल्ली, तर अन्नातली प्रथिनं तिला नीट पचत नाहीत. कच्चं केळं किंवा कच्ची सुपारी खाऊन तोंड कसं आवळून येतं, तो याच टॅनिनचा प्रताप.

सागाचं लाकूड घेताना सुतार मधल्या गडद भागावर बोट ठेवतो आणि कडेचा पांढरट भाग बाजूला काढायला सांगतो. तेही याच कारणाने. खोडाच्या कडेचं फिकं लाकूड जिवंत असतं, त्यातून पाणी वर जातं आणि त्यात झाडाने साठवलेला स्टार्च असतो. किड्यांना तेच हवं असतं. मधला गाभा मात्र मेलेला असतो. तो मरण्यापूर्वी झाड त्यात नाना तऱ्हेची रसायनं भरून ठेवतं. सागाच्या गाभ्यातल्या अशाच रसायनांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. खैराच्या गाभ्यात भरलेलं द्रव्य उकळून काढलं की कात होतो. आपण पानात रंगवतो ते खैराचं कीटकनाशक आहे म्हणा ना!

दुसरा बंदोबस्त : बुडवणे आणि चिकटवणे

साल फोडून भुंगेरा आत शिरलाच तर? इथे चीक, डिंक आणि राळ कामाला येतात. तिन्ही दिसायला सारखे चिकट असले तरी वेगळे आहेत. डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो. राळ पाण्यात विरघळत नाही, तिला तेल किंवा स्पिरिट लागतं, आणि ती पेटवली की धूर आणि वास येतो. वड, पिंपळ, फणस, रबर यांचा चीक दुधासारखा पांढरा असतो आणि हवा लागताच घट्ट होतो. पान कुरतडणाऱ्या किड्याचं तोंडच त्यात चिकटून बसतं.

राळेच्या बाबतीत हिमालयातला चीड पाइन सगळ्यांचा गुरू. त्याच्या लाकडात राळेच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात राळ दाबाखाली असते. किड्याने नळी फोडली की राळ जोराने बाहेर येते, किड्याला बाहेर ढकलते नाहीतर बुडवते. राळेतला उडून जाणारा भाग म्हणजे टर्पेंटाइन. तो हवेत गेला की मागे राहतो तो काचेसारखा घट्ट भाग आणि त्याने भोक बंद होतं. उत्तराखंडात या राळेला लीसा म्हणतात. रंगकामाचं टर्पेंटाइन आणि व्हायोलिनच्या गजाला घासायची राळ अशाच झाडांकडून येते.

आता गंमत अशी, की भुंगेऱ्यांनीही यावर उपाय शोधला आहे. पाइनच्या सालीत राहणारे काही भुंगेरे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. एकट्याने हल्ला केला तर राळेत बुडून मरणार हे नक्की. म्हणून पहिले काही भुंगेरे झाडाच्या राळेतलंच एक द्रव्य शरीरात घेऊन त्यापासून वेगळा वास तयार करतात. तो वास म्हणजे बाकीच्यांना बोलावणं. मग हजारोंनी भुंगेरे एकाच झाडावर उतरतात. झाडाकडची राळ संपेपर्यंत शेकडो मरतात, पण उरलेले आत घुसतात.

आणि ते एकटे येत नाहीत. अंगावर, तर काही जाती शरीरातल्या खास खिशात, बुरशीचे कण घेऊन येतात. लाकूड पोखरून केलेल्या बोगद्यांच्या भिंतींवर ही बुरशी वाढते आणि अळ्या ती खातात. म्हणजे काही भुंगेरे चक्क शेती करतात! झाडाला खरा धोका पुष्कळदा भुंगेऱ्यापेक्षा या बुरशीचाच असतो.

बुरशीशी लढाई : भिंती बांधणे

बुरशीला राळेत बुडवून भागत नाही. ती धाग्याधाग्यांनी पसरते. तिच्याशी झाड कसं लढतं, हे समजावून सांगणाऱ्यांत मोठं नाव अलेक्स शायगो या अमेरिकन शास्त्रज्ञाचं. ते तिथल्या वनखात्यात संशोधक होते. त्यांच्याआधी झाडांचे रोग पाहणारे लोक बहुधा खोड आडवं कापून बघत. शायगोंनी साखळी-करवत घेऊन हजारो झाडं उभी चिरून पाहिली. जखम कुठे झाली, कूज कुठपर्यंत पसरली, कुठे थांबली, हे त्यामुळे सलग दिसलं. १९७७ मध्ये त्यांनी हे सगळं मांडलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपली जखम भरून येते, म्हणजे खराब झालेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाचं तसं होत नाही. कुजलेलं लाकूड पुन्हा चांगलं होत नाही. झाड तो भाग चारी बाजूंनी बंद करतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. घरातल्या एका खोलीला आग लागली तर दारं बंद करून बाकीचं घर वाचवावं, तसं.

या भिंती चार असतात. पहिली वर-खाली पसरणं अडवते. पाणी नेणाऱ्या नळ्यांत झाड बुचं बसवतं. ही सगळ्यांत कमकुवत, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पसरलेली दिसते. दुसरी भिंत आतल्या गाभ्याकडे जाणं अडवते, ती वाढीच्या वर्तुळांची. तिसरी आडवं पसरणं अडवते. आणि चौथी, सगळ्यांत भक्कम, ती जखमेनंतर नव्याने बांधली जाते. जखमेच्या वेळी असलेलं लाकूड आणि त्यानंतर येणारं लाकूड यांच्यामध्ये ती उभी राहते. म्हणून आतून पोकळ झालेला वड किंवा चिंच शंभर वर्षं हिरवीगार राहू शकते. पोकळी आहे ती जुन्या लाकडात. बाहेरचं जिवंत लाकूड चौथ्या भिंतीच्या पलीकडे सुरक्षित असतं. नळी पोकळ असली तरी मजबूत असते, तसंच ते. अर्थात बाहेरचं चांगलं लाकूड पुरेसं जाड असेल तरच.

भिंतींबरोबर आणखीही उपाय चालू असतात. बुरशी जिथे शिरली तिथल्या आसपासच्या पेशी स्वतःच मरून जातात, म्हणजे बुरशीला जिवंत अन्न मिळू नये. बुरशीच्या पेशींची भिंत कायटिनची असते. ते कायटिन तोडणारी विकरं झाड तयार करतं. आणि सॅलिसिलिक आम्लाच्या मार्फत बाकीच्या भागांना इशारा जातो. हे आम्ल ॲस्पिरिनचं जवळचं नातेवाईक.

काही झाडं तर मदतीला दुसऱ्यांना बोलावतात. युरोपात एल्म नावाचं झाड आहे. त्याच्या पानावर एका भुंगेऱ्याने अंडी घातली की झाड असा गंध सोडतं की एक चिमुकली गांधीलमाशी तिथे येते आणि त्या अंड्यांतच आपली अंडी घालते. भुंगेऱ्याची अंडी फुटतच नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. या सगळ्याला ताकद लागते. राळ, बुचं, भिंती हे सगळं झाड साखर आणि स्टार्च खर्चून करतं, आणि साखर तयार होते पानांत. पाणी नसेल, मुळांना हवा नसेल, पानंच छाटून टाकली असतील, तर भिंत बांधायला पैसा कुठून येणार?

जखमेचा सुगंध

आसामात एक झाड आहे, तिथे त्याला सांची म्हणतात. त्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. निरोगी सांचीचं लाकूड फिकं असतं, त्याला काही वास नसतो. पण खोड पोखरणारी एक अळी त्यात शिरली आणि तिच्या मागून बुरशी गेली, की झाड त्या जागी गडद राळ भरू लागतं. वर्षानुवर्षं भरत राहतं. ते काळं, जड, सुगंधी लाकूड म्हणजे अगर, ऊद. त्याचं अत्तर सोन्याच्या भावाने विकलं जातं आणि आसामातलं होजाई हे त्या व्यापाराचं मोठं ठिकाण.

झाड बाहेरून पाहून आत अगर आहे की नाही हे कळणं कठीण. त्यामुळे लोकांनी जंगलातली झाडं सरसकट तोडली. शेवटी १९९५ पासून या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. आता आसामात लोक परसात सांची लावतात आणि मुद्दाम जखमा करून, बुरशी सोडून अगर तयार करवतात. पुढच्या वेळी ऊद लावलात तर क्षणभर आठवा : हा एका झाडाने बुरशीला दिलेला जबाब आहे.

झाड हरतं तेव्हा

मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची सालवृक्षांची जंगलं तुमच्यापैकी अनेकांनी कान्हाला जाताना पाहिली असतील. होमात टाकतात ती राळ याच झाडाची. या झाडाला पोखरणारा एक मोठा, लांब मिशांचा भुंगेरा आहे. पहिला पाऊस पडला की तो बाहेर येतो आणि सालीत अंडी घालतो. निरोगी झाडावर थोड्या अळ्या आल्या तर झाड त्यांना राळेत बुडवून मारतं. हे दरवर्षी चालतं, कुणाला कळतही नाही.

पण कधी कधी भुंगेऱ्यांची संख्या एकदम वाढते. एकेका खोडात शेकडो अळ्या शिरतात आणि राळ पुरी पडत नाही. १९९७-९८ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशात, मंडला आणि डिंडोरी भागात, असंच झालं. लाखो झाडं तोडावी लागली. तेव्हा एक जुना उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. सालाची काही झाडं पाडून त्यांचे ओंडके करायचे आणि साल ठेचून ठेवायची. ताज्या रसाच्या वासाने भुंगेरे लांबून येतात, रस पितात आणि सुस्तावतात. मग गावकऱ्यांनी ते वेचायचे आणि वेचलेल्या भुंगेऱ्यांच्या हिशेबाने त्यांना पैसे. त्या झाडांना सापळा-झाडं म्हणतात.

कधी झाडाचा स्वतःचा बचावच त्याच्या मुळावर येतो. एल्मला भुंगेऱ्यांमार्फत एक बुरशी लागते. तिला अडवण्यासाठी झाड पाण्याच्या नळ्यांत बुचं मारत सुटतं. इतकी, की वर पाणीच पोचत नाही आणि झाड तहानेने मरतं. एकट्या ब्रिटनमध्ये या रोगाने अडीच कोटींहून जास्त एल्म गेले.

आणि आपला कडुलिंब? ज्याची पानं आपण धान्यात ठेवतो, ज्याचं तेल पिकांवर फवारतो, तोही आजारी पडतो. २०२१ च्या सुमारास तेलंगणातले कडुलिंब शेंड्याकडून करपल्यासारखे दिसू लागले, तेव्हा हैदराबादच्या वाचकांनी ते डोळ्यांनी पाहिलं असेल. एक बुरशी आणि कोवळ्या फांद्यांतला रस शोषणारा एक ढेकूण, दोघांनी मिळून ते केलं होतं. पुष्कळांना वाटलं, झाडं गेली. पण बऱ्याच झाडांना पुढे पुन्हा पालवी फुटली. सुकलेलं दिसलं म्हणून लगेच कुऱ्हाड घेऊ नये, हे कडुलिंबाने शिकवलं.

नारळाची गोष्ट वेगळी

वर सांगितलेली भिंतींची युक्ती नारळाला, सुपारीला, ताडाला येत नाही. त्यांचं खोड दरवर्षी जाड होत नाही, वाढीची वर्तुळं नसतात, सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थर नसतो. नारळाच्या खोडाला पाडलेली खाच जन्मभर तशीच राहते. आणि वाढणारा कोंब एकच, शेंड्यावर. तो गेला की माड गेला.

गेंड्या भुंगा नेमका त्या कोंबात शिरतो. नंतर उघडणारं झावळं कात्रीने कापल्यासारखं दिसतं ते यामुळे. सोंड्या भुंगा त्याहून वाईट. त्याला ताज्या जखमेचा वास ओढून आणतो, त्याच्या अळ्या खोड आतून खातात आणि बाहेर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून कोकणातल्या, गोव्यातल्या, केरळातल्या वाचकांना विनंती : चढायला सोपं जावं म्हणून माडाला पायऱ्यांच्या खाचा पाडू नका, आणि दिव्यांच्या माळांसाठी खिळे तर मुळीच ठोकू नका. शेणखताचे जुने ढीग माडाजवळ ठेवू नका, गेंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो.

मग आपण काय करायचं?

झाडाचं काम झाडालाच करू द्यायचं आणि आपण मध्ये अडचण व्हायचं नाही, एवढंच.

फांदी कापावीच लागली तर ती खोडाला जिथे मिळते तिथे बघा. एक फुगीर कडं दिसेल, शर्टाच्या कॉलरसारखं. कूज अडवणारा भाग त्या कड्यात असतो. कड्याच्या किंचित बाहेर कापा. खोडालगत सपाट कापलं की ते कडंच जातं आणि थेट खोडाला जखम होते. आमच्या आंब्याचं नेमकं हेच झालं होतं. उलट खूप लांब खुंट ठेवला तर तो मरतो, कुजतो आणि किड्यांना वाट मिळते. फांदी जाड असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून काप, आणि वजन उतरल्यावर शेवटचा काप कड्याजवळ. म्हणजे साल खालपर्यंत फाटत नाही.

जखमेवर सिमेंट, डांबर, ऑइलपेंट नको. त्याने कूज थांबत नाही. उलट ओल आत कोंडते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. फळबागेत कृषी विद्यापीठं बोर्डो पेस्ट लावायला सांगतात, ती गोष्ट निराळी. तिथे विशिष्ट बुरशीसाठी विशिष्ट औषध असतं, आणि ते त्यांच्या सल्ल्यानेच लावावं.

बुंध्याभोवती श्वास घ्यायला जागा ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या सोसायटीला लवादाची वाट बघायची गरज नाही.

खिळे, तारा, जाहिरातींचे फलक काढा. प्रत्येक खिळा म्हणजे सालीला पाडलेलं भोक. आणि शेंडा छाटून झाडाचा खुंट करू नका. पानं गेली की भिंती बांधायला लागणारं अन्नही गेलं.

शंका आली तर तोडण्याआधी जाणकाराला दाखवा. झाड खरोखर धोकादायक असेल तर ते उतरवावंच लागतं, त्यात अपराधी वाटून घेऊ नये. खाली मुलं खेळतात, माणसं ये-जा करतात. पण ते ठरवायला भुसा आणि टकटक पुरेशी नाही. शिवाय बहुतेक शहरांत परवानगी लागतेच. महाराष्ट्रात १९७५ चा, कर्नाटकात १९७६ चा, दिल्लीत १९९४ चा कायदा त्यासाठी आहे.

आणि आमचा आंबा

आजींच्या ओळखीचे एक निवृत्त कृषी अधिकारी येऊन पाहून गेले. ते म्हणाले, "ही भिरुड आहे. खोडकिडा. गाभा थोडा गेलाय, पण बाहेरचं लाकूड चांगलं जाड आहे. लगेच पडणारं झाड नाही हे." त्यांनी आधी सिमेंट फोडायला लावलं. आत सगळी ओल आणि काळं लाकूड. मग बारीक तारेचा आकडा करून भोकांतून अळ्या ओढून काढल्या. दोन निघाल्या, बोटाएवढ्या लांब, पांढऱ्या, जाडजूड. मुलं बघायला जमली होती, ती आधी किंचाळली आणि मग जवळ आली. उरलेल्या भोकांत औषधाचा बोळा आणि वरून ओली माती. एक सुकलेली फांदी कड्याबाहेर नीट कापली. बुंध्याभोवतीचं काँक्रीट उखडलं आणि उन्हाळाभर आळीपाळीने पाणी घातलं. ती पाळी लावण्यावरून दोन भांडणंही झाली, ते जाऊ दे.

या पावसाळ्यानंतर त्या जुन्या जखमेच्या कडेने नव्या सालीची गोल, गुळगुळीत कड आली आहे, भाकरीच्या काठासारखी. अजून जखम झाकलेली नाही, कदाचित झाकणारही नाही. एक मोठी फांदी आम्ही गमावली. यंदा कैऱ्या कमी आल्या, लोणचं पाच बरण्यांऐवजी दोनच बरण्या झालं. अधिकारीकाकांनी दर पावसाळ्याआधी झाड तपासून घ्यायला सांगितलं आहे, ते आम्ही सोसायटीच्या कामांच्या यादीत लिहिलं आहे. वाहन-तपासणी, टाकी-सफाई आणि त्याखाली 'आंबा'.

या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या एखाद्या झाडापाशी जा. फांदी कापल्याच्या जुन्या खुणा शोधा. कुठली जखम गोल कडं येऊन बंद झाली आहे आणि कुठली अजून उघडी आहे, ते बघा. कुठे डिंक पाझरला आहे, कुठे बारीक भुसा पडला आहे, कुठे सुतार पक्ष्याने टोचलं आहे. डिंकाचा खडा सापडला तर मुलांना पाण्यात टाकून बघू द्या. काय काय दिसलं ते मला जरूर कळवा. आणि तुमच्या अंगणातलं, गल्लीतलं एखादं झाड असं वाचवलं असेल, किंवा वाचवता आलं नसेल, तर तेही लिहा.

पुढच्या भेटीपर्यंत, लाडू खा आणि बाभळीला धन्यवाद द्या!